मांजराची वेणी-फणी

बी. ए. द्वितीय वर्ष (कला)

लेखाचे नाव वाचून वाचक हसतील याची मला कल्पना आहे. आमच्या घरीही असेच हसले होते. धाराशिवला मी ज्या बाईंच्या घरी राहते त्यांच्या मांजराचे केस रोज विंचरते, असे मी पहिल्या दिवाळीच्या सुटीत गावी सांगितले, तेव्हा आई म्हणाली, "आगं, शिकायला गेलीस का मांजराची वेणी-फणी करायला?" आजोबा तर दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हीच गोष्ट सांगत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे जाऊन नात काय शिकते, तर मांजर विंचरायला! त्यांना हसू येणे साहजिक होते.

परंतु गेल्या दीड वर्षात या कामातून मला जे समजले ते हसण्यासारखे नाही असे आता वाटते. म्हणून विषय लहान असला तरी लिहिण्याचे धाडस करीत आहे. आजकाल आपल्या शहरातही पुष्कळ घरांत लांब केसांची मांजरे दिसू लागली आहेत. हौसेने आणतात, पण त्यांचे केस कसे राखावे हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांना या लेखाचा उपयोग झाला तर बरेच आहे. आणि ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे, कारण शेवटी गोष्ट मांजरापाशी थांबत नाही.

आमचे गाव भूम तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरकडेला आहे. घरी थोडी मेंढरे, चार उस्मानाबादी शेळ्या आणि एक बैलजोडी. जनावरांची निगा राखणे हे काही आम्हाला नवे नाही. बैलांना खरारा करायचा, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपाने मळायचे, मेंढरे वर्षातून दोनदा भादरायची, शेळ्यांच्या कानामागचे गोचीड काढायचे, हे सर्व मी लहानपणापासून पाहिले व केले आहे. उस्मानाबादी शेळीचे केस आखूड व काळेभोर असतात. तिला फणी लागत नाही. आणि मांजर? मांजर म्हणजे उंदीर धरणारे, चुलीपाशी निजणारे व दुधावर डोळा ठेवणारे प्राणी. त्याला कोणी हात लावून पाहत नाही. ते आपले आपणच चाटून स्वच्छ राहते, अशीच आमची समजूत.

बाईंची मनी मात्र वेगळी. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचे चिरंजीव पुण्याला असतात. त्यांनी हौसेने पर्शियन जातीचे पांढरे मांजर घेतले आणि पुढे बदली झाली तेव्हा आईकडे आणून सोडले. त्यांनी ठेवलेले इंग्रजी नाव बाईंच्या जिभेवर काही बसले नाही, म्हणून तिची मनी झाली. बोटभर लांब केस, चपटे तोंड, सदा पाणावलेले डोळे. मागची खोली मला कमी भाड्यात मिळाली आणि त्याबदली सकाळ-संध्याकाळची काही कामे माझ्याकडे आली. त्यात हे एक होते. आरंभी मला ते कमीपणाचे वाटे. मैत्रिणींना मी सांगत नसे.

ही लांब केसांची मांजरे मूळची कुठली याची चौकशी मी केली, तेव्हा एक गमतीची गोष्ट कळली. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी सतराव्या शतकाच्या आरंभी इराणात राहत होता. खोरासान प्रांतातील रेशमी, लांब केसांच्या मांजरांचे वर्णन त्याने आपल्या पत्रांत केले आहे आणि ती आपल्या देशी न्यावीत असा त्याचा बेत होता. हाच गृहस्थ पुढे १६२३ साली सुरतेला उतरला व गोव्यापर्यंत आला. तुर्कस्तानातील अंकारा भागाची अंगोरा मांजरेही अशीच युरोपात गेली. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात ही मांजरे होती. तेथून पुढे लोकांनी निवडून निवडून त्यांचे केस अधिक दाट व तोंड अधिक चपटे केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात तर असे दिसले की, आजचे पर्शियन मांजर रक्ताने इराणपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांना अधिक जवळचे आहे. म्हणजे नाव इराणचे, पण घडण माणसाच्या हौसेची. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जे माणसाने घडवले त्याची काळजीही माणसानेच घेतली पाहिजे.

मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते, मग मनीला फणी कशाला? हा प्रश्न मी बाईंना पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचे उत्तर मांजराच्या जिभेत आहे. मांजराने हात चाटला तर कानशीसारखे खरखरीत लागते. जिभेवर मागच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तसे लागते. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू या दोघांनी या काट्यांचा अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. प्रत्येक काट्याचे टोक पन्हळीसारखे पोकळ असते. ते तोंडातील लाळ ओढून घेते आणि केसांच्या मुळाशी, कातडीपर्यंत पोहोचवते. त्याने अंग स्वच्छ होते आणि लाळ वाळताना थंडावाही मिळतो. जागेपणाचा सुमारे चौथा हिस्सा वेळ मांजर या कामात घालवते. परंतु हे काटे दोन-अडीच मिलिमीटरच लांब असतात. वाघ-सिंहापासून घरच्या साध्या मांजरापर्यंत बहुतेकांची जीभ केस दाबून कातडीपर्यंत पोहोचते. पर्शियन मांजराची मात्र पोहोचत नाही. त्याचे केस त्याच्या जिभेपेक्षा वरचढ झाले आहेत. मनी दिवसभर चाटते, पण वरवरचेच चाटते. आत जे राहते ते आपण काढायचे.

आता आत काय राहते ते सांगते. लांब केसांच्या मांजराला दोन थर असतात. वर लांब व सरळ केस, आणि खाली कापसासारखी मऊ लव. ही लव सतत झडत असते. साध्या मांजराची झडलेली लव खाली पडते. लांब केसांच्या मांजराची पडत नाही, ती वरच्या केसांत अडकून बसते. त्यात लाळ, धूळ व हालचालीचे घर्षण यांची भर पडली की गुठळी होते. हे मला फार लवकर समजले, कारण आमच्याकडे लोकर असते. केस भिंगाखाली पाहिला तर त्यावर खवले दिसतात. लोकर ओली करून चोळली म्हणजे हे खवले एकमेकांत अडकतात व लोकर घट्ट बसते. नमदा असाच तयार होतो. घोंगडे कढत पाण्यात घालून घासू नये असे आजी बजावते, त्याचेही कारण हेच. मांजराच्या काखेत, कानामागे, मांड्यांमध्ये व पोटावर जिथे घर्षण अधिक, तिथे जिवंत मांजराच्या अंगावरच नमदा बसू लागतो. आमच्या भागात याला जटच म्हणतात. ही जट दिसायला लहान असते, पण चालताना पावलोपावली कातडी ओढते. आपली वेणी दिवसभर कोणी खेचून धरली तर कसे वाटेल, तसे ते असते. खाली हवा जात नाही, कातडी ओलसर राहून चिघळते. शिवाय मांजर चाटताना पुष्कळ केस गिळते, त्याचा पोटात गोळा होतो व ते ओकते.

हे मी आता सांगते आहे, पण शिकले ते एका चुकीतून. पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवसांत बाई डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे गेल्या. महिनाभर मनी माझ्यावरच होती. मी अभ्यासाच्या नादात तिला दूध-भात व खाऊ घालीत असे, फणीला मात्र हात लावला नाही. वरवर तर ती छान दिसे. एके दिवशी उचलून घेताना ती ओरडली आणि मला बोचकारले. पाहते तो दोन्ही काखांत लिंबाएवढ्या जटा! शेजारच्या आजी म्हणाल्या, "जट हाय ती, कापू नको. बरं नसतं." मला त्याचा राग आला. शिकलेली ना मी! मेंढरे भादरणाऱ्या घरातली पोर मी, कातर काही नवी नव्हती. जट चिमटीत धरून वर ओढली आणि कातरीने खालून कापली. जटेबरोबर कातडीही कापली गेली. बोटाच्या पेराएवढी जखम उघडी पडली आणि मनी कपाटामागे जाऊन बसली.

तिला पिशवीत घालून मी रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेले. रस्ताभर माझे हात कापत होते. डॉक्टरांनी भूल देऊन दोन टाके घातले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मेंढीचं कातडं आणि मांजराचं कातडं एक नव्हे. मांजराचं कातडं पातळ आणि अंगापासून सुटं असतं. जट ओढली की तेही तंबूसारखं वर येतं. आपल्याला वाटतं आपण केस कापतोय." लांब केसांच्या मांजराच्या बाबतीत घरोघरी हीच चूक होते, असेही त्यांनी सांगितले. मग दहा मिनिटे बसून त्यांनी मला सगळी रीत समजावली. ती मी वहीत उतरवून घेतली. पुढे अनुभवाने जे भर घातले ते धरून येथे देते.

साधने थोडीच लागतात. विरळ दातांची एक स्टीलची फणी, दाट दातांची दुसरी आणि एक मऊ ब्रश. दातांची टोके बोथट असावीत. आपल्या गालावर फिरवून पाहावी. आपल्याला टोचली तर मांजरालाही टोचेल. वेळ मांजराच्या सोयीची घ्यावी. खाऊन सुस्तावले म्हणजे उत्तम. भुकेले किंवा खेळात असताना धरू नये. आरंभी पाचच मिनिटे. शेपूट आपटू लागले, कान मागे गेले की थांबावे. जबरदस्तीने एकदा धरले तर पुढचा महिना फणी दिसताच ते पळते. मी हे अनुभवले आहे.

सुरुवात डोके, गाल व हनुवटीपासून करावी, कारण तिथे त्याला आवडते. मग पाठ, कुशी, शेपूट आणि शेवटी पोट व काखा. केसांच्या वळणाने जावे, उलटे नको. आधी विरळ फणी, ती कुठेही न अडकता गेली की दाट फणी. ब्रश सर्वांत शेवटी. नुसता ब्रश फिरवणारे पुष्कळ आहेत. त्याने वरचे केस चमकतात आणि आत जट वाढतच राहते. मनीचे तसेच झाले होते. फणी कातडीपर्यंत पोहोचते की नाही हे एका हाताने केस बाजूला सारून पाहावे. रोज केले तर दहा मिनिटे पुरतात. आठवड्याने केले तर तास लागतो, आणि महिन्याने केले तर डॉक्टर लागतात.

जट सापडलीच तर बोटांनी तिचे लहान लहान भाग करावे. थोडी मक्याच्या पिठीची, म्हणजे कॉर्नफ्लॉवरची, भुकटी चोळली तर केस सुटे होण्यास मदत होते. कातडीलगतचे केस डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरावे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि फणीच्या टोकाने जटेच्या बाहेरच्या टोकाकडून एकेक बट सोडवीत आत यावे. मुळापासून खेचू नये. सुटत नसेल तर दुसऱ्या दिवसावर टाकावे. अगदी कातडीला चिकटलेली जट डॉक्टरांकडून यंत्राने काढून घ्यावी. कातर लावू नये, हे मी पुन्हा सांगत नाही.

आंघोळीविषयी बरेच गैरसमज आहेत. भिजलेल्या मांजरासारखा असे आपण घाबरलेल्या माणसाला म्हणतो, त्यावरून मांजराला पाणी किती प्रिय आहे ते कळतेच. अंग तेलकट किंवा घाण झाले तरच आंघोळ घालावी. आंघोळीपूर्वी विंचरणे अत्यंत आवश्यक. जट असताना पाणी घातले तर ती वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. पाणी कोमट, कानात व डोळ्यांत जाऊ न देता. आपला साबण किंवा शाम्पू नको. मांजरासाठीचा मिळतो, तो वापरून पूर्ण धुऊन काढावा. नंतर टॉवेलने टिपून कातडीपर्यंत कोरडे करावे, घासू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. पण रोज फणी फिरवली तर आंघोळीची गरजच फार कमी पडते. म्हणजे या कामात पाण्याचीही बचत आहे.

चपट्या तोंडाच्या मांजराचे डोळे सतत वाहतात, कारण अश्रूंची वाट वाकडी झालेली असते. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून रोज पुसावे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. नखे कापायची तर पुढचे पारदर्शक टोकच कापावे. आत गुलाबी रेष दिसते तिथे रक्त असते.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा मनीचे केस पाहून प्रत्येक जण म्हणतो, "भादरून टाका की, गार वाटेल." मेंढीचे उदाहरण डोळ्यांपुढे असते. पण मेंढीची लोकर वाढतच राहते, न कातरली तर तिला ओझे होते. मांजराचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, झडतो व नवा येतो. विंचरलेल्या मोकळ्या केसांत हवा खेळती राहते व ऊन थेट कातडीवर येत नाही. भादरलेल्या मांजराला ऊन भाजते. डॉक्टरांनी आजारासाठी सांगितले तर गोष्ट निराळी. एरवी सावली, ओल्या फरशीची जागा, ठिकठिकाणी पाणी आणि मोकळे विंचरलेले केस हाच उपाय. मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखे धापा टाकू लागले तर ते उन्हाने घाबरे झाले असे समजून लगेच दवाखाना गाठावा. चपट्या नाकाच्या मांजराला हा धोका अधिक असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विशेषतः ज्यांचे घर खेड्याशी जोडलेले आहे त्यांनी ही नीट वाचावी. एकदा मनीच्या अंगावर पिसवा दिसल्या. गावी शेळ्यांच्या गोचिडांसाठी औषध असते, ते बाटलीभर आणावे असे माझ्या मनात आले. सुदैवाने टाक्यांच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेले आठवले. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या वर्गातील औषधे शेळी, गाय, कुत्रा यांच्या अंगावर चालतात, पण मांजराला ती विष आहेत. मांजराच्या यकृतात अशी काही रसायने फोडून बाहेर टाकण्याची शक्ती फार कमी असते. ती अंगावर लागली, चाटली गेली, की मांजर थरथरू लागते, झटके येतात व ते मरते. जे द्रव पाण्यात टाकताच पाणी दुधासारखे पांढरे होते, अशा जंतुनाशकांनीही मांजराला पुसू नये. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी तर कधीही देऊ नये, एका गोळीनेही मांजर दगावते. केसांना खोबरेल किंवा सुगंधी तेल लावू नये. अंगावर जे लागते ते सर्व मांजराच्या पोटात जाते, हे एकच सूत्र ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतील. पिसवांसाठी मांजरापुरतेच असलेले औषध डॉक्टरांकडून घ्यावे. आमच्या गावातून किती मांजरे अशी गोठ्यात औषध मारल्यावर "लागीर झालं" म्हणून गेली असतील कोण जाणे.

फणीचा आणखी एक लाभ आहे. रोज हात फिरवणाऱ्याला आजार सर्वांआधी कळतो. गेल्या पावसाळ्यात मनीच्या कानामागे रुपयाएवढी जागा केस तुटून उघडी पडलेली मला बोटांना लागली. ते गजकर्ण निघाले. लांब केसांच्या मांजरांत ते वारंवार होते आणि माणसालाही होते. वेळीच कळले म्हणून बाईंना व मला झाले नाही. आजोबा बैलाच्या अंगावरून हात फिरवूनच त्याला बरे नाही हे ओळखतात. त्या हाताचे महत्त्व मला मनीमुळे समजले.

आता आरंभी म्हटले होते ती गोष्ट सांगते.

माझ्या आजीला जट आहे. वीस वर्षांहून अधिक झाली. डोक्याच्या मागे दोरखंडासारखी ती लोंबते, आणि तिच्या ओझ्याने आजीची मान दुखते. ती कधी उताणी निजत नाही. आमच्या भागात व सीमेपलीकडे कर्नाटकातही जट म्हणजे देवीचे बोलावणे मानतात. ती कापली तर कोप होतो अशी समजूत आहे. मीही लहानपणी त्या जटेला नमस्कार करीत असे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेले तेव्हा माझी सात वर्षांची चुलत बहीण तापातून उठली होती. तीन आठवडे अंथरुणाला होती, उशीवर डोके घासून घासून मागचे केस एकमेकांत गुंतले होते. दोन बायका पाहून गेल्या व म्हणाल्या, "देवीनं जट दिली पोरीला." त्या दिवसापासून तिचे केस कोणी धुईना, फणी लावीना. हळद-कुंकू मात्र लावू लागले. काकू रात्री रडत होत्या. जट आलेल्या मुलीचे पुढे शाळेत कसे होणार, लग्नाचे काय, हे त्या कोणाला विचारणार?

मी ते केस हातात घेऊन पाहिले. माझ्या बोटांना ते ओळखीचे होते. मनीच्या काखेत जे होते तेच हे. न विंचरलेला केस, घर्षण, तेल आणि धूळ. त्यात देवी नव्हती. मला शेजारच्या आजींच्या "कापू नको" या शब्दांचीही आठवण झाली, आणि त्या दिवशीच्या माझ्या रागाचीही. रागाने कातर चालवली की काय होते ते मी पाहिले होते. म्हणून या वेळी मी कोणाशी वाद घातला नाही. "मी कापत नाही, नुसते विंचरते," एवढेच म्हणाले. माणसाच्या केसांना तेल चालते. वाटीभर खोबरेल घेतले, मुळाशी चिमूट धरली आणि टोकाकडून एकेक बट सोडवीत बसले. तीन दुपारी लागल्या. पोर मधूनमधून झोपी जाई. तिसऱ्या दिवशी फणी वरपासून खालपर्यंत न अडता गेली. काकूंनी तिला न्हाऊ घातले व दोन वेण्या घातल्या. देवी कोपली नाही. जूनमध्ये ती दुसरीत गेली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी राज्यात अनेक स्त्रियांच्या जटा त्यांची समजूत घालून काढल्या आहेत, हे मला नंतर वाचनात आले. समजूत घालणे हा त्यातला अवघड भाग असणार. वर्षानुवर्षांची जट फणीने सुटत नाही, ती कापावीच लागते. आणि कापण्याआधी मनातली भीती सोडवावी लागते. तीही टोकाकडून, एकेक बट.

आजी तिन्ही दुपारी उंबऱ्यात बसून पाहत होती. शेवटी तिने विचारले, "हे कुठं शिकलीस गं? कालेजात?"

मी म्हणाले, "नाही आजी. मांजराकडून."

ती हसली. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "माझी ऱ्हाऊ दे आता. पोरीची सोडवलीस ते बरं केलंस."

आजीची जट अजून तशीच आहे. मी तिला पुन्हा विचारलेले नाही. मात्र या दिवाळीत मी गेले तेव्हा तिने आपणहून मान पुढे केली आणि म्हणाली, "बघ जरा, खाली खाजतंय." मी जटेखालची कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी केली. वीस वर्षांत तिने त्या जागेला प्रथमच कोणाला हात लावू दिला होता.

मनी आता बरी आहे. काखेतला व्रण केसांत झाकून गेला आहे. रोज सकाळी मी अभ्यासाला बसण्यापूर्वी ती फणीपाशी येऊन बसते. आता मैत्रिणींना मी हे काम सांगते. पुढच्या खेपेला गावी जाताना एक विरळ दातांची फणी घेऊन जाणार आहे. आजोबांनी विचारले, कोणासाठी, तर काय सांगायचे ते अजून ठरवलेले नाही.